गळती हा दोष कधीपासून झाला? पटाच्या गाडीपासून रेसिंगच्या गिअरबॉक्सपर्यंत

 

आज आपण गळतीचा इतिहास बघणार आहोत. नळाची नव्हे, गिअरबॉक्सची. रेसिंग कारच्या गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं तर ते शोधायचं कसं आणि थांबवायचं कसं, हा झाला गॅरेजमधला प्रश्न. पण त्याच्याही मागे एक जुना प्रश्न आहे. तेल गळणं हा दोष आहे, हे माणसानं ठरवलं कधी? कारण फार मोठा काळ असा होता की तेल बाहेर येतंय म्हणजे यंत्र नीट चाललंय, असंच लोक समजत होते. आणि ते बरोबरही होतं!

तर सुरुवात करू आपल्या गोंदिया जिल्ह्यातून.

पटाची गाडी आणि वंगण

झाडीपट्टीत धान घरी आलं की मंडईचे दिवस सुरू होतात. हिवाळ्यात गावोगाव शंकरपट भरतो. दिवसा पट आणि रात्री नाटक, ही इथली जुनी जोडी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद झाल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं तो कायदा मान्य केला. म्हणजे पट बंद पडून पुन्हा सुरू झाला, हे तुमच्यातल्या बहुतेकांनी स्वतःच पाहिलंय.

आपल्याला आज बैलांपेक्षा चाकाशी जास्त काम आहे. रेसिंगची गाडी म्हटलं तर आपल्या भागातली सगळ्यात जुनी रेसिंगची गाडी हीच. तिला ना इंजिन, ना गिअर. पण एक गोष्ट तिच्यात आणि फॉर्म्युला वनच्या गाडीत सारखी आहे: काहीतरी फिरतंय, काहीतरी स्थिर आहे, आणि दोघांच्या मधे तेल लागतं.

जुन्या लाकडी बंडीत आख स्थिर असतो आणि चाक त्याच्यावर फिरतं. चाकाचा मधला गोल गड्डा म्हणजे तुंबा. तुंबा आणि आख एकमेकांवर घासतात, म्हणून तिथे वंगण घालायचं. हे वंगण कुठल्याही डब्यात बंद नसायचं. चाक फिरलं की ते हळूहळू बाहेर यायचं, काळं होऊन तुंब्याच्या तोंडाशी जमायचं आणि रस्त्यावर पडायचं. लांबच्या प्रवासाला निघताना गाडीवान सोबत जादा वंगण ठेवायचा. संपलं की पुन्हा घालायचं, साधा हिशेब.

आता नीट बघा. बाहेर येणारं ते काळं वंगण आतली धूळ आणि लोखंडाचा चुरा सोबत घेऊन येत होतं. म्हणजे ते नुसतं वाया जात नव्हतं, चाक आतून साफ करत होतं. आजही ट्रॅक्टरच्या अवजारांना ग्रीसगननं ग्रीस भरताना आपण हेच करतो. नवं ग्रीस आत जातं, जुनं काळं ग्रीस कडेनं बाहेर पडतं, आणि ते बाहेर आलं की आपलं समाधान होतं. या पद्धतीत गळती हा दोष नाहीच. गळती हीच पद्धत आहे.

गोंदिया जंक्शनवरचा गरम डबा

१८८० च्या दशकात नागपूर–छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज लाइन या भागातून गेली. १८८७ मध्ये बंगाल–नागपूर रेल्वे स्थापन झाली. तिनं ही लाइन घेतली, ब्रॉडगेज केली, आणि पुढे ती हावडा–मुंबई मुख्य मार्गाचा भाग झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारी सातपुड्यातली नॅरोगेज सुरू झाली आणि गोंदिया जंक्शन झालं.

त्या काळच्या डब्यांच्या चाकांना आजच्यासारखे रोलर बेअरिंग नव्हते. आखाच्या टोकाला लोखंडी पेटी असायची, तिला ॲक्सल बॉक्स म्हणत. पेटीत तेलात भिजवलेला सुताचा बोळा. फिरणारा आख त्या बोळ्याला घासत जायचा आणि तेल ओढून घ्यायचा. पेटी होती, पण पूर्ण बंद नव्हती. तेल झिरपायचं, उडायचं, खाली सांडायचं. म्हणून मोठ्या स्टेशनवर गाडी थांबली की कर्मचारी डब्याडब्यापाशी जाऊन पेटी तपासत आणि लागलं तर तेल भरत.

तेल कमी पडलं तर? पेटी तापायची. आधी वास, मग धूर, मग आग. रेल्वेत याला ‘हॉट ॲक्सल’ म्हणतात, आणि त्यासाठी धावती गाडी थांबवून डबा काढून ठेवावा लागायचा. तपासायची साधी रीत म्हणजे पेटीजवळ हात नेऊन बघायचं, कुठली पेटी बाकीच्यांपेक्षा गरम आहे.

बंडीच्या मानानं इथे एक मोठा बदल झालाय, तो लक्षात घ्या. गाडीवानाला तेल गेल्याचं आवाजावरून कळायचं. चाक करकरायला लागायचं आणि तो उतरून वंगण घालायचा. रेल्वेत वेग वाढला, वजन वाढलं आणि तेल संपणं ते आग लागणं यामधला वेळ कमी झाला. वेग जितका जास्त, तितकी तेल हरवण्याची किंमत जास्त. गळती दोष ठरायला लागली ती इथून.

उघडे गिअर आणि एरंडेल

आता जरा लांब जाऊ, फ्रान्सला. मोटारींच्या शर्यती जिथे जन्मल्या तिथे. जून १८९५ मध्ये पॅरिस–बोर्दो–पॅरिस ही शर्यत झाली. जवळजवळ बाराशे किलोमीटर अंतर. एमिल लव्हासॉर नावाचा इंजिनिअर आपली पानार–लव्हासॉर गाडी घेऊन सगळ्यांच्या आधी पोचला. साधारण ४९ तास तो रस्त्यावर होता. गंमत म्हणजे गाडी दोन सीटची होती आणि पहिलं बक्षीस चार सीटच्या गाडीला होतं, म्हणून ते त्याला मिळालं नाही.

याच कंपनीनं गिअरबॉक्सची ती मांडणी रूढ केली जी पुढे जगभर गेली: पुढे इंजिन, मग क्लच, मग सरकणाऱ्या दातेरी चाकांचा संच. पण सुरुवातीच्या गाड्यांत हे गिअर चक्क उघडे होते! वरून ग्रीस फासायचं, रस्त्यावरची धूळ त्यात बसायची, दात झिजायचे. म्हणजे बंडीचीच पद्धत, फक्त दातेरी चाकांवर. लवकरच त्यांच्या लक्षात आलं की गिअर पेटीत बंद करून तेलात बुडवले पाहिजेत. ‘गिअरबॉक्स’ या शब्दातला ‘बॉक्स’ म्हणजे ही पेटी.

मधल्या काळात तेलाचीही गोष्ट घडत होती. चार्ल्स वेकफिल्ड नावाच्या माणसानं १८९९ मध्ये इंग्लंडमध्ये तेलाची कंपनी काढली. १९०९ च्या सुमारास त्यांनी इंजिनासाठी नवं तेल आणलं, त्यात एरंडेल मिसळलेलं होतं. एरंडेलाला इंग्रजीत ‘कॅस्टर ऑइल’ म्हणतात, त्यावरून नाव पडलं कॅस्ट्रॉल. हो, तेच कॅस्ट्रॉल, ज्याचा डबा तुमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये ठेवलेला असतो! एरंडेल तापलं तरी लवकर पातळ होत नाही आणि धातूला चिकटून राहतं, म्हणून रेसिंगवाल्यांना ते फार आवडायचं.

पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांत एरंडेलावर चालणारी रोटरी इंजिनं होती. त्यात तेल एकदा वापरलं की बाहेर फेकलं जायचं, परत टाकीत यायचंच नाही. वैमानिकाच्या तोंडावर, चष्म्यावर एरंडेलाचे शिंतोडे. म्हणजे १९१८ पर्यंत, जगातल्या सगळ्यात वेगवान यंत्रांतही तेल सांडणं हीच पद्धत होती.

बंद पेटीचं उघडं दार

गिअर पेटीत बंद केल्यावर एक नवीन पेच आला. पेटी चारी बाजूंनी बंद करता येते, पण शक्ती आत कशी येणार आणि बाहेर कशी जाणार? त्यासाठी फिरता शाफ्ट पेटीच्या भिंतीतून आरपार न्यावाच लागतो. म्हणजे भिंतीला भोक आलं. शाफ्ट फिरायला हवा, म्हणून भोकात थोडी फट हवी. आणि फट आली की तेल निघालं.

या एका फटीसाठी माणसानं पन्नास-साठ वर्षं डोकं लावलं. आधी नमद्याची कडी घालून बघितली, म्हणजे दाबलेल्या लोकरीची. मग चामड्याची. काहींनी शाफ्टवर उलट्या आट्यांची खाच पाडली, म्हणजे शाफ्ट फिरताना तेल आतच ढकललं जाईल. पण शाफ्ट थांबला की ही युक्तीही थांबायची. म्हणून जुन्या गाडीखाली रात्रभरात डाग पडायचा.

यातला मोठा टप्पा आला जर्मनीतून, तोही चामड्याच्या कारखान्यातून. वाइनहाइम या गावातली फ्रॉइडेनबर्ग ही चामडं कमावणारी जुनी कंपनी. १९२९ च्या मंदीच्या सुमारास चामड्याचा धंदा अडचणीत आला आणि कंपनी मोटारींसाठी चामड्याची सील बनवायला लागली. तिथे वाल्टर झिमर या इंजिनिअरनं धातूच्या कड्यात बसवलेलं सील तयार केलं. त्याच्या नावावरून त्याला ‘झिमररिंग’ म्हणू लागले. पुढे चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. आपल्या मिस्त्रीच्या भाषेत हेच ‘ऑइल सील’.

ऑइल सील हातात घेऊन बघितलं असेल तर आठवा. बाहेर धातूचं कडं, आत रबराचा पातळ ओठ, आणि ओठाच्या मागे बारीक स्प्रिंगची गोल साखळी. ती स्प्रिंग ओठाला शाफ्टवर हलकं दाबून धरते. जोरात दाबलं तर ओठ जळेल, सैल सोडलं तर तेल जाईल. ओठाखाली तेलाचा अतिशय पातळ थर राहतो, त्यामुळे रबर जळत नाही. म्हणजे चांगलं सीलसुद्धा पूर्ण कोरडं नसतं. ओठ थोडा ओलसर असणं आणि खाली थेंब पडणं यात फरक आहे. गळती शोधणाऱ्याला पहिला हा फरक कळायला लागतो.

आणखी एक वस्तू आली, ओ-रिंग. डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या नील्स ख्रिस्टेन्सन यांना तिचं पेटंट १९३९ मध्ये मिळालं. दुसऱ्या महायुद्धात ती विमानांत सगळीकडे पोचली. आता पेटी खरंच बंद झाली. आणि मगच, म्हणजे जेमतेम ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी, ‘गळती म्हणजे दोष’ हे वाक्य सगळ्यांना मान्य झालं.

ट्रॅक्टरवाला आणि रेसिंग कार

आता एक जोडी सांगतो जी ऐकून आपल्या भागातल्या पोरांना मजा वाटेल. हॅरी फर्ग्युसन हे नाव ट्रॅक्टरवर वाचलंय ना? मॅसी फर्ग्युसनमधले फर्ग्युसन, ते हेच. ट्रॅक्टरच्या मागे तीन दांड्यांवर अवजार जोडायची आणि हायड्रॉलिकनं उचलायची पद्धत त्यांनी रूढ केली. त्यांच्या १९४६ पासूनच्या लहान करड्या ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिकचं तेल आणि गिअरचं तेल एकाच पेटीत होतं.

याच फर्ग्युसनना मोटारींच्या चारही चाकांना शक्ती देण्याचा ध्यास होता. त्यांच्या कंपनीनं फर्ग्युसन पी-९९ ही रेसिंग कार बनवली. स्वतः फर्ग्युसन ऑक्टोबर १९६० मध्ये वारले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९६१ मध्ये, इंग्लंडच्या ऊल्टन पार्क ट्रॅकवर ओल्या रस्त्यावर स्टर्लिंग मॉस यांनी ती गाडी जिंकून दाखवली. फॉर्म्युला वनच्या नियमांखाली शर्यत जिंकलेली चारही चाकांना शक्ती देणारी ती एकमेव गाडी.

चार चाकांना शक्ती म्हणजे पेटीतून बाहेर पडणारे शाफ्ट जास्त. आणि जितके शाफ्ट बाहेर, तितकी तेलाला बाहेर पडायची दारं जास्त!

रेसिंगच्या गिअरबॉक्सला गळतीची सवय आणखी एका कारणानं लागते. १९५९-६० च्या सुमारास माइक ह्यूलंड या इंग्रजानं फोक्सवॅगन बीटलच्या गिअरबॉक्सची पेटी उलटी बसवून रेसिंगचा गिअरबॉक्स तयार केला. पुढे ह्यूलंडचे गिअरबॉक्स जगभरच्या फॉर्म्युला गाड्यांत गेले. त्यांची खासियत अशी की मागचं झाकण काढून गिअरचे दात पटकन बदलता येतात. या ट्रॅकला असे, त्या ट्रॅकला तसे. पण विचार करा, घरच्या कारचा गिअरबॉक्स दहा-दहा वर्षं उघडला जात नाही, आणि हा एका शनिवार-रविवारात दोनदा उघडला जातो. दर वेळी गास्केट हलणार, बोल्ट सुटणार, कुठेतरी धुळीचा कण बसणार. शिवाय पेटी हलकी करायची म्हणून मॅग्नेशियमची, पातळ भिंतीची. वरून थरथर आणि उष्णता. गळायला आणखी काय पाहिजे!

तेल दिसतं एकीकडे, गळतं दुसरीकडे

समजा, रेसिंग कार पिटमध्ये आली आणि गिअरबॉक्सच्या खालच्या टोकाला थेंब लोंबतोय. नवखा माणूस तिथेच हात घालतो. अनुभवी मिस्त्री आधी सगळं पुसतो.

कारण तेल दोन शक्तींच्या हुकमात असतं. एक, खाली ओढणारी. दुसरी, मागे ढकलणारी, म्हणजे वारा. गाडी वेगात असताना तेल वरच्या आणि पुढच्या जागेतून निघून खाली-मागे पसरत जातं. थेंब पडतो ती जागा प्रवासाचा शेवट असते. म्हणून शोध उलट्या दिशेनं करायचा: सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा कुठली?

पहिलं काम, तेल कुठलं ते ओळखा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, कारण दातांचं रक्षण करणारी गंधकयुक्त रसायनं त्यात असतात. इंजिनचं वापरलेलं तेल काळं असतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बहुधा लाल. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या घंटेसारख्या आवरणातून थेंब आला तर तो इंजिनच्या मागच्या सीलचा असू शकतो किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा. दोन्ही एकाच भोकातून टपकतात. वास घेतला नाही तर अर्धा दिवस चुकीची पेटी उघडण्यात जातो.

दुसरं काम, पूर्ण स्वच्छ करून कोरडं करा. मग संशय असेल त्या जोडांवर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड हलकी उडवा. गाडी चालवून तेल तापवा, कारण थंड तेल घट्ट असतं आणि बरीच गळती तापल्यावरच बोलते. परत आणून बघा, पांढऱ्या पुडीवर काळी रेघ कुठून सुरू झाली. आणखी एक रीत म्हणजे तेलात चमकणारा रंग मिसळायचा आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिव्यानं बघायचं.

तिसरी रीत तुम्ही लहानपणी सायकलच्या दुकानात पाहिलीय. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायचा, तेच. गिअरबॉक्सची तोंडं बंद करून आत हवेचा अगदी थोडा दाब द्यायचा आणि बाहेरून साबणाचं पाणी लावायचं. दाब जास्त दिला तर चांगली सीलसुद्धा निघून येतात, म्हणून हात हलका. ओतकामात राहिलेली सूक्ष्म छिद्रं अशीच सापडतात. कोल्हापूरच्या पट्ट्यात गाड्यांचे ओतीव भाग करणारा मोठा उद्योग आहे. तेल किंवा पाणी धरून ठेवणाऱ्या ओतीव भागांची गळतीची चाचणी हा त्या धंद्यातला नेहमीचाच टप्पा.

आणि चौथी गोष्ट, जी सगळ्यात जास्त विसरली जाते: ब्रीदर. गिअरबॉक्सच्या वर हवेसाठी एक बारीक वाट असते. आतलं तेल तापलं की हवा फुगते आणि त्या वाटेनं बाहेर जाते. ती वाट चिखलानं किंवा धुळीनं बंद झाली की हवा दुसरी वाट शोधते, आणि सगळ्यात नरम वाट म्हणजे सीलचा ओठ. मग सील बदललं तरी गळतं, पुन्हा बदललं तरी गळतं. सीलचा काहीच गुन्हा नसतो. तेल प्रमाणापेक्षा जास्त भरलं तरी असंच होतं. म्हणून सील विकत आणण्याआधी ब्रीदर साफ करा आणि तेलाची पातळी बघा. यात खर्च शून्य.

दुरुस्ती: हळू हाताचं काम

जागा सापडली की दुरुस्ती तशी लहान असते, पण घाई चालत नाही.

सील काढल्यावर शाफ्टवर नख फिरवून बघा. नख अडकलं म्हणजे सीलच्या ओठानं आणि धुळीनं मिळून तिथे खाच पाडलीय. त्या खाचेवर कितीही नवं सील बसवा, ते गळणारच. अशा वेळी शाफ्टवर पातळ धातूची बाही चढवतात, किंवा जागा असेल तर सील थोडं आत-बाहेर बसवतात, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो.

नवं सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे. ओठाला आधी तेल लावायचं, कोरडं सील पहिल्या मिनिटालाच जळतं. शाफ्टच्या टोकाला खाचा असतील तर त्यावर टेप गुंडाळायची, नाहीतर आत सरकताना ओठ कापला जातो. आणि सील सरळ बसलं पाहिजे. हातोडीनं एका बाजूला ठोकलं तर ते तिरकं जातं. बरोबर मापाच्या पाइपनं चारी बाजूंनी सारखं दाबत न्यायचं.

तेल सोडायच्या बोल्टखालचं वॉशर दर वेळी नवं. झाकणाच्या जोडावर सिलिकॉनचा लेप भरभरून लावायचा मोह टाळा, आत गेलेली जादा लेपाची तार तेलाच्या वाटा अडवते. शेवटी तेल पातळीपर्यंत भरून, गाडी तापवून, पुन्हा पुसून, पुन्हा बघायचं. दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाली असं म्हणत नाहीत.

रेसिंगमध्ये एवढी काळजी का? कारण तेल फक्त आपल्या गिअरचं नुकसान करत नाही. ते आपल्याच मागच्या टायरवर उडतं, गरम सायलेन्सरवर पडून पेटतं, आणि ट्रॅकवर सांडलं की मागून येणाऱ्याची गाडी घसरते. त्यासाठी खास झेंडे आहेत. पिवळ्यावर लाल पट्टे असलेला झेंडा म्हणजे पुढे रस्ता निसरडा आहे. काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुझ्या गाडीत धोकादायक बिघाड आहे, पिटमध्ये ये. गळती इथे एकट्याची भानगड राहत नाही.

इंटरलागोस, २०११

आणि पुसायला, बघायला वेळच नसेल तर? २७ नोव्हेंबर २०११, ब्राझीलचा इंटरलागोस ट्रॅक, वर्षाची शेवटची शर्यत. सेबास्टियन फेटेल सगळ्यांत पुढे. महिन्याभरापूर्वीच त्यानं आपल्या देशात, ग्रेटर नोएडात झालेली पहिली इंडियन ग्रां प्री जिंकली होती. शर्यतीच्या पहिल्या टप्प्यातच टीमनं रेडिओवर सांगितलं, गिअरबॉक्समध्ये गंभीर अडचण आहे. गाडीतले सेन्सर दाखवत होते की गिअरबॉक्स तेल गमावतोय.

धावत्या गाडीत सील बदलता येत नाही. मग एकच उपाय उरतो: तेल कमी, तर भारही कमी करा. फेटेलला सांगितलं गेलं, गिअर लवकर बदल, इंजिनला पूर्ण ओढू देऊ नकोस. त्यामुळे दातांवरचा जोर आणि उष्णता कमी राहते. त्याचाच साथीदार मार्क वेबर पुढे गेला आणि जिंकला. फेटेल सुमारे १७ सेकंद मागे, दुसरा आला. पण गाडी शेवटपर्यंत आणली.

लोकांना संशय आला. वेबरनं त्या वर्षी तोवर एकही शर्यत जिंकली नव्हती, मग हे ठरवून केलेलं नाटक तर नाही? टीमनं ते नाकारलं आणि तेल गळतीचं कारण सांगितलं. गंमत बघा, बाहेरून बघणाऱ्याला गळती दिसतच नव्हती. दिसत होता फक्त मंदावलेला वेग.

फेटेलनं त्या दिवशी आयर्टन सेनाची आठवण काढली. त्याच ट्रॅकवर, मार्च १९९१ मध्ये, सेनाच्या गाडीचे गिअर एकामागून एक गेले. शेवटी त्यानं सहाव्या गिअरवरच गाडी रेटत, तीन सेकंदांहून कमी फरकानं शर्यत जिंकली. उतरल्यावर ट्रॉफी उचलायला हातात ताकद नव्हती. दोघांमध्ये वीस वर्षांचं अंतर. सेनाला बिघाड हातातल्या लिव्हरवरून कळला. फेटेलला तो टीमनं आकडा बघून, आधी सांगितला.

रोवणीच्या दिवसात

हे सगळं आपल्या कामाचं कसं? जुलैमध्ये गोंदियाच्या बांध्यांमध्ये ट्रॅक्टर चिखलणीला उतरतात. मागचा आख चिखलाच्या पाण्यात बुडालेला. तिथलं ऑइल सील दोन्ही बाजूंनी पहारा देतं: आतलं तेल बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचा चिखल आत येऊ देत नाही. ते सील गेलं की तेल कमी होतं, एवढंच होत नाही. पाणी आत शिरतं, तेल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं, आणि अशा तेलात गिअर आणि बेअरिंग झपाट्यानं झिजतात. आणि हे होतं कधी? ऐन रोवणीत, जेव्हा पाऊस, मजूर आणि ट्रॅक्टर हे तिन्ही एकाच दिवशी हाताशी असावे लागतात.

आपल्याकडे सर्रास म्हणतात, “थोडं गळतंय, वरून टाकत राहू.” हे बंडीच्या काळातलं शहाणपण आहे, आणि बंडीसाठी ते बरोबरच होतं. तिथे तेल बाहेर जाताना घाण घेऊन जायचं. बंद पेटीत उलटं आहे: ज्या वाटेनं तेल बाहेर येतं, त्याच वाटेनं घाण आत जाते. वरून तेल टाकून ती वाट बंद होत नाही. म्हणून या आठवड्यात घरच्या ट्रॅक्टरखाली किंवा बाइकखाली एकदा वाकून बघा. ओलं दिसलं तर आधी पुसा, मग ब्रीदर बघा, मग मिस्त्रीकडे जा आणि त्यालाही सांगा, सगळ्यात वरची ओली जागा कुठली ते शोधू या.

आणि हो, तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या गाडीवानांकडे चाकाच्या भागांची आणि वंगणाची अजून वेगळी नावं असतील. त्यांना विचारा आणि आवाजात रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. तोवर, भेटू या!